मशीन नंबर एक, नग छत्तीस

हे बघा, मध्ये कोणी हसायचं नाही. हसलात तर मी सांगणार नाही. तू पण नाही. तुझं तर आधीच सुरू झालंय, ओठ दिसतायत मला.

तर सोमवारी सकाळी वाचनालयाच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या ग्रंथपाल मॅडम म्हणजे एकदम शांत बाई. इतक्या शांत की त्या रागावल्यात हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणाल्या, "छत्तीस नवे कॉम्प्युटर आलेत. शनिवारी दहा वाजता अध्यक्ष येणार आणि वरचा हॉल वाचकांसाठी खुला होणार. तुम्हाला जमेल, की बाहेरून माणसं बोलवू?"

यात एक मेख होती. माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन शनिवारीच संपत होतं, आणि मॅडमना माझ्याबद्दल अहवाल लिहायचा होता. एकच पान असतं. पण त्या पानाच्या तळाशी शेवटी एक ओळ असते, 'कायम करावे' किंवा 'आवश्यकता नाही'. बाहेरून माणसं आली की माझी आवश्यकता काय उरली, सांगा!

म्हणून मी म्हटलं, "बाहेरची कशाला, मॅडम? दोन दिवसांचं काम आहे."

दोन दिवस! मागितलं होतं कोणी? बाई शनिवार म्हणत होत्या, म्हणजे चांगले पाच दिवस देत होत्या. पण माझी जीभ कायम माझ्या दोन पावलं पुढे चालते. मॅडमनी नुसतं "बरं" म्हटलं आणि डायरीत काहीतरी लिहिलं. त्या डायरीत काय लिहिलं, या विचाराने मला पुढचे दोन तास काही सुचलं नाही.

बरं, दोन दिवस मी अगदी हवेत नव्हते म्हणाले. माझ्याकडे युक्ती होती. एक मशीन घ्यायचं, त्यात सगळं भरायचं, सजवायचं, नटवायचं. मग त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची, तिला इमेज म्हणतात, आणि ती बाकीच्या पस्तीस मशिनांवर ओतायची. की झालं! जुळी भावंडं. डोकं एकदाच चालवायचं, नंतर नुसती ओतली जाताना बघायची.

पण मशिनं हातात तर यायला हवीत. ती होती स्टोअरमध्ये, आणि स्टोअर होतं स्टोअरवाल्या साहेबांच्या ताब्यात. साहेब म्हणजे रजिस्टरला पाय फुटले आणि ते चालायला लागलं, तर जसं दिसेल तसे. म्हणाले, "ताई, आधी प्रत्येक नगावर नंबराचं स्टिकर लागेल. मग रजिस्टरला नोंद. मग तुमची सही. मग नग बाहेर."

"मग लावूया ना स्टिकर."

"स्टिकरं संपलीत. मागवलीत."

"मी आणू समोरच्या दुकानातून?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी समोरच्या दुकानातून त्यांच्यासाठी दुसरे वडील आणते म्हणाले. ती स्टिकरं साधी नसतात. एकदा चिकटली की काढता येत नाहीत, फाटतात. चोरी होऊ नये म्हणून. सोमवार त्या स्टिकरांची वाट बघण्यात गेला. साडेपाचला साहेबांनी हॉलला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि खिशावर दोनदा थोपटलं. दोन दिवसांतला एक तिथंच खपला.

त्या संध्याकाळी मी आमच्या दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. एका मोठ्या हॉस्पिटलात चारशे कॉम्प्युटर सांभाळतो. बोलतो इतका हळू की त्याचं वाक्य संपेपर्यंत आपली भाजी चिरून होते. म्हणाला, "इमेज... नको मारूस."

"का?"

"ऑटोमॅटिक इन्स्टॉल कर. मशीन नवं बसवताना जे जे प्रश्न विचारतं ना, त्यांची उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. प्रत्येक मशीन नेटवर्कवरून ती फाइल वाचतं आणि स्वतःचं स्वतः बसवून घेतं. नाव पण आपलं आपण लावतं."

"आणि ती फाइल लिहायला किती वेळ?"

"पहिल्यांदा? दोनेक दिवस."

"हॅ! तेवढ्यात माझी छत्तीस ओतून होतील."

"होतील की," दादा म्हणाला. "तेच तर."

'तेच तर' म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घराण्यात मोठ्यांचं ऐकायची पद्धत आहे, पण ती सगळं होऊन गेल्यावर.

घराच्या जिन्यात खालच्या मजल्यावरचे टायपिंगकाका भेटले. काकांनी पस्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. आता निवृत्त आहेत, म्हणजे रोज दहा वाजता आमच्या वाचनालयात हजर असतात आणि सगळी वर्तमानपत्रं चुका काढत वाचतात. मी उत्साहात त्यांना इमेजचं सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे कार्बन कॉपी."

"तसंच समजा."

"मग पोरी, वरचा कागद सांभाळ. वर एक चूक झाली की खाली सगळीकडे तीच. आणि खालची खोडायला गेलीस की काळं होतं."

मी मनात म्हटलं, काकांचा जमाना वेगळा होता. तोंडाने म्हटलं, "हो काका."

मंगळवारी स्टिकरं आली. साहेबांनी ती स्वतःच्या हाताने लावली, जीभ किंचित बाहेर काढून, एकेक नग पुसून. दुपारी एक मशीन माझ्या ताब्यात आलं, नंबर एक, आणि मी ते नटवायला बसले.

इथं मी एक चूक केली. दार उघडं ठेवलं.

आधी मॅडम आल्या. त्यांना पडद्यावर मागे वाचनालयाच्या इमारतीचा फोटो हवा होता. टाकला. मग काका आले. "अक्षरं मोठी कर गं, आम्हा म्हाताऱ्यांना दिसायला हवं." केली. "अजून." केली. "अजून." शेवटी पडद्यावर एका वेळी अकरा शब्द मावायला लागले, तेव्हा काका म्हणाले, "हां, आता माणसासारखं." मग साहेब आले आणि म्हणाले की पाच वाजून वीस मिनिटांनी प्रत्येक मशीनने आपणहून सूचना द्यावी, 'वेळ संपत आली आहे, उठावे.' उठावे! मी म्हटलं, "कृपया तरी लावू का पुढे?" म्हणाले, "लावा, पण मग पाच-पंधराला लावा." तेही केलं. आणि या सगळ्यात नेट नीट चालतंय का ते बघायला मी माझ्या स्वतःच्या खात्याने आत शिरले, मेसेज-बिसेज उघडून बघितले, सगळं झकास. नंतर बाहेर पडले का? तुम्ही मला ओळखता.

बुधवारी ओतणं. सहा पेनड्राइव्ह, दर खेपेला सहा मशिनं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतेय, काका वर्तमानपत्राच्या वरून बघतायत आणि मोजतायत, "अठरा झाली... चोवीस झाली..." सव्वापाचला छत्तीसच्या छत्तीस मशिनांनी एका सुरात 'कृपया उठावे' म्हटलं आणि माझा ऊर भरून आला. दोन दिवस म्हटलं होतं, तीन लागले, पण त्यातला एक स्टिकरांचा. घरी जाऊन मी आईला सांगितलं की आता मी कायम झालेच, पेढ्यांचं बघ.

गुरुवारी अकरा वाजता पाहणी. मॅडम, साहेब, साहेबांचं रजिस्टर, आणि आमंत्रण नसलेले काका. बाहेर हॉलच्या दाराशी आठ-दहा वाचक माना लांब करून उभे. मी ऐटीत म्हटलं, "बघा."

साहेबांनी पहिल्या मशीनसमोर चष्मा चढवला. स्टिकर एक, पडद्यावर नाव 'मशीन-१'. रजिस्टरात टिक. दुसरं मशीन. स्टिकर दोन. पडद्यावर 'मशीन-१'. साहेब थांबले. तिसरं. 'मशीन-१'. चौथं. साहेब पूर्ण हॉल फिरून आले, शांतपणे, हात मागे बांधून. मग रजिस्टर मिटलं आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे एक मशीन आहे. पस्तीस गहाळ आहेत."

"अहो गहाळ कुठं?" मी ओरडलेच. "ही काय समोर!"

"समोर नंबर एक आहे, ताई. छत्तीस वेळा आहे, ते मला दिसतंय. पण रजिस्टरात नंबर एक हा एकच नग आहे."

"नक्कल काढली ना, म्हणून नाव पण तेच आलं."

"नक्कल?" साहेबांचा आवाज खाली गेला. "म्हणजे खरी पस्तीस कुठं गेली?"

नेटवर्कचंही तेच म्हणणं होतं म्हणा. मशिनं एकमेकांना बघून गोंधळली होती, 'या नावाचं कोणीतरी आधीच हजर आहे' असं प्रत्येक मशीन प्रत्येक मशीनबद्दल सांगत होतं. छत्तीस नवरदेव आणि मांडव एकच, तसं. त्यात शेवटच्या दोन रांगांतली बारा मशिनं तर रुसूनच बसली होती. ती कंपनीकडून वेगळ्या खेपेत आलेली निघाली. तोच रंग, तीच पेटी, पण आतलं बोर्ड वेगळं. पहिल्याच्या आतड्यांसाठी काढलेली नक्कल त्यांना मानवेना. त्यांना नेट दिसेना, फोटो आडवा, आणि काकांच्या मोठ्या अक्षरांमुळे एका पडद्यावर कालच्या सूचनेतलं फक्त 'कृप' एवढंच.

मी म्हटलं, "मॅडम, हे किरकोळ आहे, बाकीची चोवीस बघा किती सुरेख..."

आणि टिंग.

एक नाही. चोवीस टिंग. चोवीस पडद्यांवर, कोपऱ्यात, काकांच्या कृपेने बोटाएवढ्या अक्षरांत: 'पिल्लू, डबा खाल्लास का?'

हसू नका म्हटलं ना!

दाराशी उभे असलेले वाचक आत आले. आत येऊन वाचायला लागले. वाचनालयच आहे, वाचणारच. एक बाई म्हणाल्या, "अगं बाई, किती प्रेमळ." मॅडमनी डायरी उघडली. डायरीचं ते पान उलटलेलं मला अजून ऐकू येतंय. मी पहिल्या मशीनवर झडप घातली, तेवढ्यात पुन्हा टिंग. 'उत्तर का देत नाहीस? बरं नाही का?' मी ते बंद केलं. पण मी एकावर बंद करतेय, तेवीस चालूच. दुसऱ्यावर जातेय तर टिंग, 'मी येऊ का तिकडे?'

आणि आई खरंच आली असती हो. तिला बारा मिनिटं लागतात.

तेवढ्यात चौदा नंबरवरून खटखटखटखट असा आवाज. टायपिंगकाका. ताठ बसलेले, दहाही बोटं, नजर कीबोर्डवर नाही. मी पोचेपर्यंत गेलंसुद्धा. 'ती. मातोश्रींस, आपला संदेश मिळाला. डबा वेळेवर खाल्ला. प्रकृती उत्तम आहे. कार्यबाहुल्यामुळे उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. कळावे.'

"काका!"

"काय काका? उत्तर द्यायला नको आईला?"

टिंग. चोवीस पडदे. 'किती दिवसांनी असं नीट उत्तर दिलंस गं. डोळ्यांत पाणी आलं.'

त्या एका बाईंनी खरोखर डोळे पुसले. तेव्हापासून अख्खं वाचनालय मला पिल्लू म्हणतं. झाडणाऱ्या मावशीसुद्धा. "पिल्लू, पाय वर कर."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "आज गुरुवार." आणि केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी त्यांच्या मागे जाऊन विचारलं, की पस्तीस नग गहाळ असल्याचा रिपोर्ट आज करायचा की सोमवारी. मॅडम म्हणाल्या, शनिवारपर्यंत थांबा. म्हणजे बघा, शनिवारी एक तर मशिनं गहाळ होणार होती, नाहीतर मी.

मी जिन्यात बसून दादाला फोन लावला. तो म्हणाला, "हं."

"बोल की. बोल 'सांगितलं होतं'."

"कशाला," तो म्हणाला. "वेळ किती आहे?"

आणि तुम्हाला सांगते, हे ऐकून मला जास्त रडायला आलं. माणसाने टोमणा मारला तर निदान भांडता तरी येतं.

पण दादाने मग नीट समजावलं. इमेज वाईट नसते, म्हणाला. सगळी मशिनं आतून एक असली, वरचा कागद स्वच्छ असला, नावं नंतर बदलून घेतली, तर इमेजसारखं झटपट काही नाही. पण तुझी दोन जातींची आहेत, आणि तुझा वरचा कागद म्हणजे... तो बराच वेळ शब्द शोधत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू आहेस."

झालं. सगळी पुसली. छत्तीसच्या छत्तीस कोरी. आणि मी फाइल लिहायला बसले. भाषा कुठली? हे उत्तर. घड्याळ कुठलं? हे उत्तर. कुठल्या जातीच्या बोर्डाला कुठली सामग्री? पहिल्याला ही, दुसऱ्याला ती. नाव काय? तर मशीनच्या पाठीवर कंपनीने कोरलेला नंबर असतो, तो मशीनला स्वतःला माहीत असतो. साहेबांच्या रजिस्टरात तो नंबर आणि त्याच्यापुढे आपला स्टिकरचा नंबर, अशी यादी होतीच. ती मी मागितली. साहेबांनी रजिस्टर दिलं नाही. स्वतः वाचून दाखवलं, छत्तीस ओळी, एकेक अंक सुटा सुटा, मध्ये पाणी पिऊन. मी लिहून घेतली.

पण या कामाची एक फार वाईट गोष्ट आहे. ते दिसत नाही. बुधवारी मी घामाघूम होऊन पळत होते तेव्हा येणारा-जाणारा म्हणत होता, काय काम करते मुलगी! आता छत्तीस काळे पडदे आणि त्यांच्यामध्ये मी एकटी, एका यादीकडे टक लावून. शुक्रवारी सकाळी काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"पिल्लू, काल निदान छत्तीस चुकीची तरी चालू होती."

"काका, मी उत्तरं लिहितेय."

"प्रश्न कोणी विचारलेत?"

"मशीन विचारणार आहे."

"मग विचारू दे की आधी!" काका म्हणाले. "परीक्षेला बसायच्या आधीच पेपर लिहून ठेवते म्हणे. आमच्या क्लासमध्ये याला वेगळा शब्द होता."

मॅडमही दोनदा दारापर्यंत आल्या. दोन्ही वेळा मी हाताची घडी घालून बसले होते. योगायोग हो! मध्ये मी भरपूर टाइप केलं होतं, पण त्या आल्या की नेमकी मी विचार करत असायची. मी तर ठरवलं होतं, पुढच्या वेळी पावलं ऐकू आली की उगाच कीबोर्ड बडवायचा. पण मॅडमची पावलं ऐकू येत नाहीत.

दुपारी बाराला एका मशीनवर करून बघितलं. दादाने बजावलं होतं, आधी एकावर. चालू केलं, त्याने फाइल वाचली, पंचवीस मिनिटांत तयार. नाव, 'मशीन-१'. फोटो, सरळ. अक्षरं, माणसांची. मला इतका आनंद झाला की मी डबा खायलाच विसरले. सांगू नका तिला.

दोन वाजता सगळी चालू केली. छत्तीस पडदे उजळले, छत्तीस रेघा सरकायला लागल्या, मी कमरेवर हात ठेवून मधोमध उभी. आणि सगळी एकदम थांबली. प्रत्येक पडद्यावर एकच प्रश्न: 'कीबोर्ड हाच आहे ना? पुढे जाण्यासाठी एन्टर दाबा.'

हा प्रश्न फाइलमध्ये नव्हताच! मग दुपारी पहिलं मशीन कसं गेलं पुढे? तर मीच दाबला होता. कळलं का? पहिल्या मशीनने विचारलं आणि माझ्या करंगळीने, मला न विचारता, एन्टर दाबून टाकला. इतकी वर्षं दाबतेय, बोटाला सवय. फाइल अर्धवट होती, आणि उरलेली फाइल माझ्या करंगळीत होती.

वाचकांनी बघितलं की काहीतरी अडलंय. ज्या बाईंनी डोळे पुसले होते त्याच म्हणाल्या, "अगं, एन्टरच दाबायचाय ना? आम्ही दाबतो. एकेक मशीन धरूया सगळ्यांनी." आणि खरंच माणसं खुर्च्यांवर जाऊन बसली की. काका चौदावर. झाडणाऱ्या मावशी सातवर, बोट पुसून, वर धरून. "पिल्लू, तीन म्हण, आम्ही दाबतो."

किती गोड ना? आणि मला मोह झाला, शपथेवर सांगते. तीन म्हटलं असतं तर अर्ध्या तासात सगळं तयार. शनिवार साजरा, कोणाला कळलंही नसतं. पण मग उद्या एखादं बिघडलं की परत करंगळी. परवा बिघडलं की परत. मी रजेवर असले तर करंगळी घरी. मग मी केलं काय, तर छत्तीस मशिनांना पोसायला एक करंगळी कामाला लावली.

"नको," मी म्हटलं. "उठा सगळे. पुन्हा करायचंय."

"पुन्हा?" काका म्हणाले. "एका एन्टरसाठी?"

"एका एन्टरसाठी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी पण पोरांना अख्खं पान फिरून टाइप करायला लावायचो," आणि उठले. मावशी मात्र रागावल्या. बोट पुसलं होतं त्यांनी.

एक ओळ घातली. तीन वाजता परत चालू. मी हात चक्क ओढणीत गुंडाळून बसले, न जाणो पुन्हा सवय झाली तर. पावणेचारला पहिलं तयार झालं, मग आणखी चार, मग एक पूर्ण रांग, मग ती रुसलेली बारासुद्धा, आपापल्या बोर्डाची सामग्री घेऊन शहाण्यासारखी. साडेचारला साहेब रजिस्टर घेऊन आले. एक, टिक. दोन, टिक. टिक, टिक, टिक. मी मागे मागे, श्वास धरून. तेवीसला साहेब थांबले.

स्टिकर तेवीस. पडद्यावर 'मशीन-३२'.

"ताई," साहेब म्हणाले. आवाजात खेद आणि आनंद असे दोन्ही होते. "चुकलं."

मी पळत बत्तीसकडे गेले. तिथं पडद्यावर 'मशीन-२३'. मशीन उलटं केलं, पाठीवरचा नंबर वाचला. साहेबांनी रजिस्टरात बोट फिरवलं. रजिस्टर पडद्याच्या बाजूने होतं. म्हणजे मशीन बरोबर, रजिस्टर बरोबर. चुकली होती ती स्टिकरं.

"रजिस्टर बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब, रजिस्टर एकदम बरोबर."

"स्टिकर कोणी लावलं..." एवढं बोलून ते थांबले. मीही थांबले. मोठ्या माणसाची फजिती झाली की आपण खिडकीबाहेर बघावं, मी बघितलं. छान कबुतरं होती. मागून काका म्हणाले, "वरचा कागद..." तर मी त्यांच्या पायावर पाय दिला.

पण ते स्टिकर निघेना. फाटतं ना! नवीन दोन हवीत. आणि नवीन स्टिकरसाठी अर्ज लागतो, तो स्टोअरला करावा लागतो. साहेब खुर्चीत बसले, अर्ज लिहिला. 'विषय: दोन स्टिकर मिळणेबाबत.' खाली सही केली. मग उठून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेले, तिकडच्या खुर्चीत बसले, अर्ज वाचला, पूर्ण वाचला हं, आणि मंजूर केला. मला वाटतं थोडा विचारसुद्धा केला. पाच-पंचवीसला छत्तिसावी टिक झाली. गहाळ शून्य.

शनिवारी दहाला अध्यक्ष आले. जाडजूड, हसरे, भाषणाची सात पानं हातात. हॉल भरलेला. त्यांनी मशिनं बघितली, मान डोलावली आणि मग मॅडमना म्हणाले, "छान. पण खालच्या ऑफिसातलं एक बिघडलं होतं, आठवतंय? तीन आठवडे गेले. यातलं एखादं बिघडलं तर किती?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला सांगा, साधं 'लवकर होईल' म्हणता आलं असतं की नाही? पण नाही. "कुठलं बिघडवू, सांगा," मी म्हटलं. "आत्ता पुसते."

साहेबांनी डोळे मिटले. अध्यक्ष खूश झाले आणि म्हणाले, "सतरा." मी सतरा नंबर पुसून टाकलं. कोरं. काळं. पुन्हा चालू केलं आणि चार पावलं लांब जाऊन हात मागे बांधून उभी राहिले, सगळ्यांना दिसतील असे. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं.

मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. मी सतराकडे बघतेय. मॅडम सतराकडे बघतायत. थोड्या वेळाने अख्खा हॉल सतराकडे बघतोय. रेघ सरकली. थांबली. मनात म्हटलं, अजून एक प्रश्न राहिलाय. काहीतरी राहिलंय, माझ्याच कुठल्यातरी बोटात. आता सगळ्यांसमोर ते विचारणार, आणि मला चालत जाऊन ते दाबावं लागणार, आणि मग 'आवश्यकता नाही'. दोन मिनिटं पडदा नुसता काळा. काकांनी घड्याळ काढलं. मावशींनी बोट पुसलं.

मग इमारतीचा फोटो आला. सरळ. आणि त्यावर, 'मशीन-१७'.

हॉलमध्ये असा टाळ्यांचा कडकडाट झाला! काका तर उभे राहिले. अध्यक्ष वाक्याच्या मध्ये होते, 'आणि म्हणून सार्वजनिक शौचालयांच्या बाबतीतही' एवढंच म्हणाले होते. ते थांबले. गहिवरले. म्हणाले, "आपलं हे प्रेम," आणि पानं बाजूला ठेवून आणखी वीस मिनिटं बोलले.

दुपारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून अहवाल सहीसाठी पुढे केला. एक पान. मी वरचं काहीच वाचलं नाही, डोळे थेट तळाशी. मॅडमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'या काम करताना फारशा दिसत नाहीत. काम झालेलं दिसतं. कायम करावे.'

मी सही केली, "थँक्यू मॅडम" म्हटलं आणि बाहेर जिन्यात आले. 'फारशा दिसत नाहीत' याच्यावर रागवावं की 'कायम करावे' याच्यावर नाचावं, मला ठरवता येईना. म्हणून आधी नाचून घेतलं. रागवायचं अजून राहिलंय, सोमवारी सवड मिळाली तर बघू.